टनामागे दोन किलो

चिकनच्या दुकानापुढे थांबलेल्या गिऱ्हाइकांत हा विषय कधी ना कधी निघतोच. परसातली गावरान कोंबडी दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने घेते आणि जाळीतली ही पांढरी ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते, हे कसे काय? मग कुणीतरी आवाज खाली आणून सांगतो, "इंजेक्शनं देतात." दुकानदार काही बोलत नाही. त्याला सुरी चालवायची असते.

इंजेक्शनाचा हिशेब मांडून पाहिला तर तो बसत नाही. वाढीचे संप्रेरक हे स्वतः एक प्रथिन असते. खाद्यातून दिले तर ते पोटात पचून जाते, म्हणजे टोचावेच लागणार आणि तेही पुन्हा पुन्हा. पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी धरून सुई मारायची, आणि ती कुठे, तर किलोमागे मोजक्या रुपयांवर चालणाऱ्या धंद्यात! शिवाय धरपकडीच्या ताणाने पक्षी खाणे सोडतो ते वेगळेच.

खरे उत्तर कॅनडातल्या एका प्रयोगात दिसते. अल्बर्टा विद्यापीठात 1957 आणि 1978 मधल्या कोंबड्यांचे वाण पुढे निवड न करता जसेच्या तसे जोपासले आहेत. तिथल्या संशोधकांनी ते दोन्ही वाण आणि 2005 मधला व्यापारी ब्रॉयलर एकाच खाद्यावर, एकाच पद्धतीने वाढवले. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 56 व्या दिवशी 1957 चा पक्षी सरासरी 905 ग्रॅमचा होता, 1978 चा 1,808 ग्रॅमचा आणि 2005 चा 4,202 ग्रॅमचा. खाद्य तेच, दिवस तेवढेच. बदलली होती फक्त पैदास. पिढ्यान्‌पिढ्या जास्त वाढणारे पक्षी निवडत गेल्याचा हा परिणाम.

मग खाद्याचे काय? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाने जुने आणि नवे पक्षी जुन्या आणि नव्या खाद्यावर वाढवून पाहिले. वाढीतल्या फरकाचा 85 ते 90 टक्के वाटा पैदाशीचा आणि उरलेला 10 ते 15 टक्के पोषणाचा, असे त्यात निघाले. हा उरलेला वाटा किरकोळ वाटतो, पण पोल्ट्रीवाल्याचा नफा-तोटा त्यातच ठरतो, कारण उत्पादनखर्चातले शंभरातले पासष्ट-सत्तर रुपये खाद्यावर जातात. आणि या खाद्यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे टनामागे किलो-दोन किलो घातली जाणारी पांढरट भुकटी. ती विसरली तर उरलेल्या 998 किलोंचा पुरता उपयोग होत नाही.

गोणीवरचा आकडा

ब्रॉयलरच्या खाद्याच्या गोणीवर छापलेले असते, 'कच्ची प्रथिने 20 टक्के' किंवा 22 टक्के. गिऱ्हाईक साहजिकच जास्त आकड्याची गोणी उचलते. हा 'कच्ची' शब्द मात्र कुणी फारसा मनावर घेत नाही.

प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाने 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजायची एक रीत बसवली. प्रथिनांत सरासरी 16 टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे नमुन्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला 6.25 ने गुणायचे. येईल तो आकडा प्रथिनांचा. रीत स्वस्त आहे, सोपी आहे आणि आंधळीही आहे. नायट्रोजन सोयाबीनमधून आला, कोंबडीच्या पिसांच्या भुकटीतून आला की चक्क युरियातून आला, हे तिला कळत नाही. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन घालून हीच चाचणी फसवली गेली आणि लाखो बाळे आजारी पडली.

भेसळ बाजूला ठेवली तरी अडचण उरतेच. 22 टक्के प्रथिनांच्या खाद्यावर पक्षी खुरटतात आणि 20 टक्क्यांच्या खाद्यावर चांगले भरतात, असे घडू शकते. कारण कोंबडीला प्रथिने हवी असतात असे म्हणणेच अर्धवट आहे.

वीस मणी, एक पोत

प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या लहान रेणूंची लांब माळ. पोत ओवणाऱ्या बाईची कल्पना केली तर पुढचा सगळा कारभार समजतो. तिच्यापुढे वीस प्रकारच्या मण्यांच्या वाट्या आहेत आणि नक्षी ठरलेली आहे. लालनंतर काळा, मग दोन सोनेरी, मग पांढरा. सोनेरी मणी संपले की पोत तिथेच थांबते. लाल मणी वाटीभर उरले म्हणून सोनेऱ्याच्या जागी लाल ओवून चालत नाही. प्रत्येक पोतीची सुरुवात मात्र एकाच मण्याने होते. त्याचे नाव मेथिओनिन. पेशीत कुठलेही प्रथिन बांधायला घेतले की पहिले अमिनो आम्ल तेच लागते.

कोंबडी खाते ती दुसऱ्याच्या घरच्या तयार पोती. मक्याची प्रथिने, सोयाबीनची प्रथिने पोटात सुटी होतात, मणी आतड्यातून रक्तात जातात आणि पेशी त्यांच्यातून कोंबडीच्या नक्षीची पोत ओवतात. छातीचे मांस वेगळे, पिसे वेगळी, पाचकरस वेगळे. जो मणी सर्वांत आधी संपतो त्याला पोषणशास्त्रात 'मर्यादक अमिनो आम्ल' म्हणतात.

उरलेल्या मण्यांचे काय होते, ही या गोष्टीतली महागडी बाजू. चरबी साठवायला शरीरात जागा आहे, पिष्ट थोडेफार यकृतात साठते. सुट्या अमिनो आम्लांसाठी मात्र कोठार नाही. न ओवलेले मणी मोडावे लागतात. त्यांतला कार्बनचा भाग जळतो किंवा चरबीत जातो, आणि नायट्रोजन युरिक आम्ल बनून बाहेर पडतो. कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो हाच. म्हणजे महागड्या पेंडीतली प्रथिने आधी इंधन म्हणून जाळायची, वर तो कचरा बाहेर टाकायलाही ऊर्जा खर्चायची.

वीसपैकी काही मणी कोंबडी स्वतः बनवते. काही तिला बनवताच येत नाहीत, ते खाद्यातूनच मिळाले पाहिजेत. माणसाच्या बाबतीत असे नऊ आहेत. कोंबडीची यादी थोडी लांब आहे आणि त्याचे कारण पुन्हा त्या पांढऱ्या थराशी जोडलेले आहे. आपण नायट्रोजन युरियाच्या रूपात टाकतो आणि तो बनवण्याच्या चक्रात आर्जिनिन हे अमिनो आम्ल आपसूक तयार होते. पक्ष्यांत हे चक्र पुरे नसते, म्हणून आर्जिनिन त्यांना बाहेरून लागते. उलट युरिक आम्लाचा प्रत्येक रेणू बनवताना ग्लायसिन या अमिनो आम्लाचा एक रेणू खर्ची पडतो. झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला घरचे ग्लायसिन कधी कधी पुरत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

मक्यात काय नाही

अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये थॉमस ऑस्बॉर्न आणि लाफायेट मेंडेल या जोडीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदरांना निरनिराळी शुद्ध प्रथिने खाऊ घातली. मक्यातले झीन हे प्रथिन एकटे दिले तेव्हा उंदीर वाळत गेले. त्यात ट्रिप्टोफॅन घातले तेव्हा त्यांचे वजन टिकले, पण वाढेना. त्यावर लायसिन घातले आणि उंदीर वाढू लागले. 1914 मध्ये हे काम छापून आले. प्रथिने भरपूर दिली तरी एका मण्यावाचून जीव खुरटतो, याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी मिळालेला नव्हता. तरी शेवटचा मणी सापडायला आणखी वीस वर्षे गेली. इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम रोझ यांनी 1935 मध्ये थ्रिओनिन शोधले, तेव्हा कुठे वाट्या वीस झाल्या.

तृणधान्यांत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, पिठले-भाकरी, आमटी-पोळी या जोड्या याच कारणाने पोषणाच्या हिशेबात उतरतात. ब्रॉयलरच्या खाद्यातही मका आणि सोयाबीनची पेंड ही जोडी आहे. तेल काढल्यावर उरणाऱ्या या पेंडीला बाजारात डीओसी म्हणतात. मक्यातली लायसिनची उणीव ती छान भरून काढते. मेथिओनिनला मात्र दोन्हींकडे टंचाई. आणि कोंबडीला ते माणसापेक्षा जास्त लागते, कारण तिला पिसे आहेत. पिसे म्हणजे जवळजवळ निखळ केराटिन. या प्रथिनात सिस्टिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल ठासून भरलेले असते. मेथिओनिनपासून शरीर सिस्टिन बनवू शकते, उलटा प्रवास होत नाही. म्हणजे सिस्टिन कमी पडले की भार पुन्हा मेथिओनिनवरच येतो. त्याचा तुटवडा असलेल्या कळपात पिसे विरळ आणि विस्कटलेली दिसतात, पक्षी एकमेकांची पिसे टोचून खातात, आणि छाती भरण्याऐवजी पोटात चरबी धरते.

परसातली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते ती हौस म्हणून नव्हे. किडे, अळ्या, गांडुळे यांत मेथिओनिन आणि लायसिन दोन्ही चांगले असते. पूर्वी पोल्ट्रीच्या खाद्यात सुक्या मासळीची भुकटी घालत, त्यामागेही हेच होते. शेडमधल्या पक्ष्याला ना उकिरडा, ना अळ्या. त्याच्या वाट्याला गोणीत येईल तेवढेच.

चौकट : एका टनाचा हिशेब

खाद्याचे एक साधे सूत्र घेऊ : मका 600 किलो, सोयाबीन पेंड 330 किलो, बाकी 70 किलोंत तेल, चुना, फॉस्फेट, मीठ, जीवनसत्त्वे. मक्यात साधारण साडेआठ टक्के प्रथिने, 0.25 टक्के लायसिन आणि 0.18 टक्के मेथिओनिन धरू. पेंडीत 46 टक्के प्रथिने, 2.8 टक्के लायसिन, 0.64 टक्के मेथिओनिन.

प्रथिने : 51 + 152 = 203 किलो, म्हणजे 20 टक्क्यांच्या थोडे वर.

लायसिन : 1.5 + 9.2 = 10.7 किलो. लहान पिल्लाला हवे साधारण 12 किलो. तूट 1.3 किलो.

मेथिओनिन : 1.1 + 2.1 = 3.2 किलो. हवे साधारण 5 किलो. तूट 1.8 किलो.

आता ही मेथिओनिनची तूट फक्त पेंड वाढवून भरायची म्हटली, तर 300 किलो मका आणि 700 किलो पेंड घ्यावी लागते. टन तिथेच भरला. तेल-चुन्याला जागा नाही. प्रथिने होतात जवळजवळ 35 टक्के आणि त्यातला मोठा भाग जाळायचाच. दुसरा मार्ग म्हणजे पावणेदोन-दोन किलो मेथिओनिनची भुकटी.

एक कारखान्यातून, दुसरे मातीतून

मेथिओनिनची भुकटी पेट्रोरसायनांपासून बनते. अ‍ॅक्रोलीन, मिथाइल मर्कॅप्टन आणि हायड्रोसायनिक आम्ल अशी भयानक नावे असलेल्या तीन पदार्थांपासून. पोत्याला येणारा कुजक्या कोबीसारखा वास हा त्यातल्या गंधकाचा. कारखान्यात बनवताना या रेणूची दोन रूपे तयार होतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे : एक 'एल', दुसरे 'डी'. सजीव प्रथिनांत फक्त 'एल' चालते. सुदैवाने कोंबडीच्या शरीरातली विकरे 'डी' मेथिओनिनचे 'एल'मध्ये रूपांतर करू शकतात. म्हणून दोन्हींचे मिश्रण तसेच विकले जाते आणि वेगळे करण्याचा खर्च वाचतो.

लायसिनच्या बाबतीत ही सोय नाही. 'डी' लायसिन कोंबडीच्या काही उपयोगाचे नाही. त्यामुळे रासायनिक कारखान्यात अर्धा माल वाया गेला असता. वाट काढली ती जिवाणूने. जपानमध्ये 1956 च्या सुमारास शुकुओ किनोशिता आणि त्यांचे सहकारी ग्लुटामेट बनवणारा जिवाणू शोधत होते. ग्लुटामेट म्हणजे आपल्याकडे चायनीजच्या गाड्यांमुळे माहीत झालेले अजिनोमोटो. तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या मातीत त्यांना तो सापडला. त्याचे आजचे नाव कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. लवकरच त्याच्या बदललेल्या वाणांकडून लायसिनही काढता येऊ लागले. टाकीत साखरेचा पाक किंवा मळी घालायची आणि जिवाणूला खाऊ द्यायचे. तो फक्त 'एल' लायसिन देतो. थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलिन आज अशाच आंबवण्याच्या टाक्यांतून निघतात.

या भुकटीत किती पैसा आहे हे 1990 च्या दशकात अमेरिकेत दिसले. लायसिन बनवणाऱ्या अमेरिकी, जपानी आणि कोरियन कंपन्यांनी गुपचूप बसून भाव ठरवले आणि काही महिन्यांत ते सुमारे 70 टक्क्यांनी चढवले. आर्चर डॅनियल्स मिडलँड या अमेरिकी कंपनीतलाच एक बडा अधिकारी, मार्क व्हिटाकर, एफबीआयचा खबऱ्या झाला आणि बैठकांचे चोरून चित्रण झाले. 1996 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून दहा कोटी डॉलर दंड भरला. त्यातले सात कोटी लायसिनसाठी होते. 2009 मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने या प्रकरणावर 'द इन्फॉर्मंट!' नावाचा चित्रपट काढला. कोंबडीच्या खाद्यातल्या एका घटकावर हॉलिवूडचा चित्रपट निघावा, हा मान जीवनसत्त्वांनाही मिळालेला नाही.

रसायनांना दारात उभे न करणाऱ्या सेंद्रिय शेतीलाही इथे अपवाद करावा लागला आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत ब्रॉयलरसाठी बनावट मेथिओनिनला टनामागे साधारण एक किलोपर्यंत परवानगी आहे.

लायसिन शंभर, बाकीचे त्याच्या मापाने

मेथिओनिन भरले की पुढचा मणी अडतो, लायसिन. ते भरले की थ्रिओनिन, मग व्हॅलिन. प्रत्येकाची गरज वेगळी मोजत बसण्यापेक्षा ती एकाच्या मापाने सांगावी, ही कल्पना इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी रुजवली. लायसिन 100 धरायचे. मग मेथिओनिन आणि सिस्टिन मिळून 75 च्या आसपास, थ्रिओनिन 65 ते 67, व्हॅलिन 75 च्या वर, आर्जिनिन 105 च्या आसपास, ट्रिप्टोफॅन अवघे 16. या प्रमाणाला 'आदर्श प्रथिन' म्हणतात. मापाला लायसिनच निवडण्याचे कारण व्यवहारी आहे. शरीरात त्याचा जवळजवळ सगळा वापर प्रथिने बांधण्यासाठी होतो, इतर कामांत ते फारसे अडकत नाही. आणि ते मोजायलाही सोपे. छातीच्या मांसात लायसिन भरपूर असते. ते कमी पडले तर सगळ्यात आधी मार बसतो तो छातीला, म्हणजे जिचा भाव सर्वांत जास्त त्याच भागाला.

वय वाढते तशी टक्केवारी उतरते. चाळीस ग्रॅमचे पिल्लू पहिल्या आठवड्यातच चौपटीच्या पुढे जाते. ते खाते चिमूटभर आणि बांधते मात्र भराभर, म्हणून त्याच्या प्रत्येक घासात मणी दाट हवेत. पाचव्या आठवड्यातला पक्षी पोटभर खातो. त्याला पातळ चालतात. प्रीस्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर अशा तीन तऱ्हेच्या गोण्या त्यासाठीच. शेवटपर्यंत स्टार्टरच चालू ठेवला तर पक्षी आणखी वाढेल हा समज शेडवर अजून भेटतो. वाढ फारशी होत नाही. बिल वाढते आणि शेडमध्ये अंथरलेले तूस ओले होते.

चाचणीत दिसते, कोंबडीला मिळत नाही

भाकरी तव्यावर खरपूस होते तेव्हा पिठातली साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांना चिकटून तपकिरी रंग आणि वास येतो. यात सर्वांत आधी अडकते ते लायसिन, कारण त्याच्या रेणूची एक बाजू मोकळी, चटकन जोडली जाणारी असते. सोयाबीनची पेंड कारखान्यात प्रमाणाबाहेर भाजली गेली तर तेच होते. प्रयोगशाळेच्या साध्या चाचणीत प्रथिने पूर्वीइतकीच दिसतात, पण त्यातले अडकलेले लायसिन कोंबडीला सोडवून घेता येत नाही.

मग कच्चीच ठेवावी? तेही नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पाचकरसाला अडवणारे घटक असतात. ते मोडण्यापुरती उष्णता द्यावीच लागते. म्हणून खाद्य कारखान्यात पेंडीचा ट्रक आला की दोन चाचण्या लावतात. युरिएज या विकराची चाचणी पेंड कच्ची राहिली का ते सांगते. पोटॅशच्या पातळ द्रावणात तिची किती प्रथिने विरघळतात हे पाहिले की ती जळली का ते कळते. साधारण 75 ते 85 टक्के विरघळली तर माल बरा. मुरलेला खरेदीदार त्याआधी मूठभर पेंड हातात घेऊन रंग पाहतो, आणि गडद तपकिरी दिसली की नाक मुरडतो. त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

हाच प्रश्न आता नव्या रूपात समोर आहे. मक्यापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढले. त्याने मका महागला आणि इथेनॉल काढून उरलेला वाळलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्तात मिळू लागला. त्यात प्रथिनांची टक्केवारी मक्याच्या तिप्पट आहे. पण ती मक्याचीच प्रथिने, मुळात लायसिनने गरीब. त्यात वाळवताना उष्णता लागलेली. मक्यात बुरशीचे विष असेल तर तेही तिप्पट होऊन येते. गोणीवरच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही. सरकी पेंडीतले गॉसिपॉलही लायसिनला बांधून ठेवते, शेंगदाणा पेंडीत आर्जिनिनची चंगळ पण लायसिन-मेथिओनिनची वानवा. एका पेंडीच्या जागी दुसरी घालताना प्रथिनांची टक्केवारी जुळवली म्हणजे झाले, असे समजणाऱ्याची फसगत होते ती इथे. म्हणूनच आजची खाद्यसूत्रे एकूण अमिनो आम्लांवर नव्हे, तर पचणाऱ्या अमिनो आम्लांवर बांधतात.

लातूरचा भाव आणि शेडमधले गणित

2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोहोचले. लातूर, अकोला, वाशीमच्या बाजारात शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी हसू होते आणि पोल्ट्रीवाल्यांचे डोळे पांढरे झाले होते. 24 ऑगस्टला केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. एक वाट न्हावा-शेवा बंदराची होती. नवा माल बाजारात येण्याच्या तोंडावरच भाव खाली आले आणि विदर्भ-मराठवाड्यात संताप उसळला. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या.

अशा वेळी भुकटीचे महत्त्व कळते. पोषणतज्ज्ञांत एक जुना ठोकताळा आहे : 97 किलो मका आणि 3 किलो लायसिन मिळून लायसिनच्या बाबतीत 100 किलो पेंडीची जागा घेतात. अर्थात पेंड काढली की तिच्यासोबत थ्रिओनिनही जाते, व्हॅलिनही जाते, तीही भरावी लागतात. ती सगळी सुटी मिळत असतील आणि भाव परवडत असेल, तर खाद्यातली प्रथिने दोन-तीन टक्क्यांनी उतरवूनही पक्षी तेवढाच भरतो.

पेंड वाचते तेवढाच फायदा नाही. प्रथिने एका टक्क्याने उतरली की विष्ठेतला नायट्रोजन साधारण 8 ते 10 टक्क्यांनी घटतो. शेडमध्ये पसरलेल्या भाताच्या तुसात जिवाणू युरिक आम्लाचा अमोनिया करतात. सकाळी पडदे उघडताना डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. प्रथिने कमी म्हणजे पक्षी पाणीही कमी पितो, तूस कोरडे राहते, पायाच्या तळव्यांना फोड कमी येतात. उन्हाळ्यात तर हा फायदा दुप्पट. जादा अमिनो आम्ले जाळताना अंगात उष्णता निर्माण होते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे आधीच चोच उघडून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला ती नकोच असते. उन्हात त्याचे खाणे कमी होते. तेव्हा प्रथिने वाढवण्यापेक्षा मोजकी अमिनो आम्ले दाट करणे शहाणपणाचे.

खाली किती जायचे

मग प्रथिने उतरवत 15 टक्क्यांवर का आणू नयेत? प्रयोग झाले आहेत. एका मर्यादेपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मग, सर्व अत्यावश्यक अमिनो आम्ले पुरी भरूनही, वाढ मंदावते आणि चरबी चढते. एक संशय ग्लायसिनवर आहे. पेंडीतून ते भरपूर येत होते तोवर कुणाचे लक्ष गेले नाही. पेंड घटली आणि ते उघडे पडले. दुसरे कारण वेळेचे. भुकटीतले सुटे मणी आतड्यातून लगेच रक्तात शिरतात, पेंडीतले पचून सुटायला वेळ घेतात. सगळ्या वाट्या एका वेळी भरलेल्या नसतील तर पोत पुढे सरकत नाही, आणि आधी आलेले मणी मोडीत निघतात. तिसरे म्हणजे पेंडीबरोबर पोटॅशियमही घटते, आणि लायसिनची भुकटी क्लोराइडच्या रूपात येते, त्यामुळे रक्तातला क्षारांचा तोल ढळतो. त्यासाठी कारखान्यांत मिठाचा काही भाग काढून खाण्याचा सोडा घालतात.

प्रत्यक्षात ही सीमा ठरवतो तो कारखान्यातला संगणक. मका, पेंड, डीडीजीएस, तेल आणि प्रत्येक भुकटीचा ताजा भाव त्यात भरतात, पचणाऱ्या अमिनो आम्लांच्या किमान मर्यादा घालतात आणि तो सर्वांत स्वस्त मिश्रण काढून देतो. मेथिओनिन प्रत्येक वेळी सूत्रात येतेच, लायसिन आणि थ्रिओनिनही बहुतेक वेळा येतात. व्हॅलिनचे तसे नाही. पेंड स्वस्त असेल त्या आठवड्यात ते गोदामात पडून राहते, आणि लातूरचा भाव चढला की पुढच्याच सूत्रात हजर होते.